दुचाकी, मोटार आणि नाशिकची हवा

नाशिक रोडचें स्टेशन आणि नाशिक गांव यांच्यामध्यें सुमारें साडेपांच मैलांचें अंतर आहे. आगगाडीतून उतरलेल्या यात्रेकरूनें हें अंतर कसें तोडावें, हा प्रश्न गोदाकांठच्या ह्या क्षेत्रापुढें आगगाडी आली तेव्हांपासून उभा आहे, आणि प्रत्येक पिढीनें त्याचें उत्तर आपापल्या परीनें दिलेलें आहे. बैलगाड्या आणि टांगे हें पहिलें उत्तर. १८८९ सालीं दुसरें उत्तर आलें, तें ट्रामीचें. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून घोडे जुंपलेले डबे स्टेशनपासून गांवांतील मेन रोडपर्यंत येऊं लागले. चार दशकांहून अधिक काळ चालून १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत ही ट्राम बंद पडली. तिच्या मागून मोटारी आल्या, बसगाड्या आल्या, आणि शेवटीं ज्याला जुने लोक ‘फटफटी’ म्हणत तें वाहन घरोघरीं येऊन उभें राहिलें.

जुन्या काळाची आठवण निघाली म्हणजे तेव्हांची हवा किती निर्मळ होती, असा सूर निघतो. तो पुरता खरा नाहीं. घोडा धूर सोडीत नाहीं हें खरें. परंतु एक घोडा दिवसाकाठीं आठ-दहा किलो तरी लीद टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन व न्यूयॉर्क ह्या शहरांचे कारभारी लिदीच्या ढिगांनीं आणि माशांच्या थव्यांनीं अगदीं टेकीस आलेले होते. मोटारगाडीचें त्या शहरांनीं स्वागत केलें तें एक स्वच्छ वाहन म्हणून! इतिहासाची ही थट्टा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें दुचाकीच्या बाबतींतही हाच प्रकार घडलेला दिसेल. एक घाण दूर करणारें वाहन दुसरी घाण बरोबर घेऊन येतें, आणि ती दुसरी घाण लोकांच्या नजरेस येईपर्यंत एक पिढी निघून जाते.

दुचाकी आणि मोटार ह्या दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत. जर्मनींत ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें एंजिन सिद्ध केलें. त्याच्या आधारानें डाइमलर यानें १८८५ मध्यें लांकडी सांगाड्याची एक दुचाकी चालवून दाखविली, आणि बेन्झ यानें १८८६ च्या जानेवारींत आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. दोघींचा आहार एकच, पेट्रोल. दोघींचा श्वासोच्छ्वासही मूळचा एकाच पद्धतीचा. मग दोघींपैकीं हवेला अधिक अपाय कोणी केला? लहान वाहन तेल थोडें पितें, म्हणून धूरही थोडा सोडीत असेल, असें सामान्य माणसास वाटतें. हें अनुमान अर्धें बरोबर आणि अर्धें चूक आहे. आणि तें चूक कां, हें समजण्यासाठीं एंजिनाच्या पोटांत डोकावणें प्राप्त आहे.

चार टप्प्यांच्या एंजिनांत दट्ट्या एकदां खालीं जाऊन पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढतो. वर येऊन तें दाबतो. ठिणगी पडल्यावर स्फोटाच्या जोरानें पुन्हां खालीं जातो. आणि चौथ्या खेपेस वर येतांना जळालेला वायु बाहेर लोटतो. आंत घेणें आणि बाहेर टाकणें हीं दोन कामें निरनिराळ्या वेळीं होतात, व त्यांसाठीं झडपाही निरनिराळ्या असतात. इंग्लंडमध्यें जोसेफ डे यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जें दोन टप्प्यांचें सुटसुटीत एंजिन प्रचारांत आणलें, त्यांत हीं दोन्ही कामें एकदमच उरकलीं जातात. दट्ट्या खालीं आला कीं एका भोंकानें ताजें मिश्रण आंत शिरतें आणि समोरच्या भोंकानें जळका वायु बाहेर पडतो. झडपा नाहींत, म्हणून एंजिन हलकें. प्रत्येक फेऱ्यास स्फोट होतो, म्हणून जोर पुष्कळ. भाग थोडे, म्हणून किंमत कमी आणि दुरुस्ति सोपी. परंतु दोन्ही दारें एकाच वेळीं उघडीं असलेल्या घरांत जें होतें तेंच येथें होतें. पुढील दारानें आलेला पाहुणा न थांबतां मागील दारानें निघून जातो! ताज्या मिश्रणाचा पांचवा ते तिसरा हिस्सा न जळतां तसाच हवेंत जातो. शिवाय ह्या एंजिनास वंगणाची स्वतंत्र व्यवस्था नसते, म्हणून पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. तें तेल पुरतें जळत नाहीं. स्कूटरीमागें दिसणारा जो निळसर-पांढरा धूर, तो म्हणजे ह्या तेलाचेच सूक्ष्म थेंब होत.

हें एंजिन हिंदुस्थानांत रुजलें तें विशेषेंकरून महाराष्ट्राच्या भूमींत. बजाज घराण्याची ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही पेढी १९४५ मध्यें निघाली आणि पुढें ती इटलीच्या व्हेस्पा स्कूटरी मागवून विकूं लागली. मुंबईच्या ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ह्या कंपनीनें लॅंब्रेटा हातीं घेतली. बजाज ऑटोला १९५९ सालीं येथेंच स्कूटरी बनविण्याचा परवाना मिळाला. पुण्याजवळ आकुर्डीस कारखाना उभा राहिला, आणि इटालियन करार संपल्यावर १९७२ मध्यें ‘चेतक’ ह्या नांवाची स्कूटर बाजारांत आली. महाराणा प्रतापाच्या घोड्याचें हें नांव. ट्रामीचे घोडे गेले तरी घोड्याचें नांव गेलें नाहीं. त्याच १९७२ सालीं पुण्याच्याच कायनेटिक कंपनीनें ‘लूना’ आणली. ह्या सर्वांच्या पोटांत दोन टप्प्यांचेंच एंजिन होतें. परवान्यांच्या त्या काळांत कारखानदारानें किती गाड्या कराव्या हें सरकार ठरवीत असे, आणि स्कूटरीसाठीं नांव नोंदविल्यावर वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ज्याचा माल नोंदणीच्या यादीवरच खपतो, त्यानें एंजिन सुधारण्याची तसदी कां घ्यावी? दोन टप्प्यांचें एंजिन भारतीय रस्त्यांवर इतकीं दशकें टिकलें, ह्याचा दोष केवळ ग्राहकाच्या गरिबीला देऊन चालणार नाहीं. स्पर्धेच्या अभावाचाही त्यांत मोठा वांटा आहे.

नाशिकमध्यें ह्या वाहनाची भरभराट झाली ती कारखान्यांच्या मागोमाग. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; सातपूरची वसाहत उभी राहिली, नंतर अंबडची. तिकडे ओझरास विमानांचा कारखाना निघाला. नाशिक रोडचे छापखाने तर त्यापूर्वींपासूनच होते. पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वीं कामगारांच्या सायकलींची रांग लागावी, हें त्या काळच्या औद्योगिक गांवांचें नित्याचें दृश्य. ही सायकल आधीं लूनेनें, मग स्कूटरीनें आणि मागाहून मोटारसायकलीनें हटविली. बदल हळूहळू झाला. पण हवेच्या दृष्टीनें तो जमाखर्चांतला फार महत्त्वाचा बदल होता. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु घरांतून जेव्हां स्कूटर जाऊन मोटार येते, तेव्हां एका धुराच्या जागीं दुसरा धूर येतो. नाशिकच्या कामगाराच्या घरीं जेव्हां सायकल जाऊन स्कूटर आली, तेव्हां जेथें मुळींच धूर नव्हता तेथें तो प्रथमच आला. अर्थात् त्या कामगारास कोणी नांवें ठेवूं नयेत. दहा किलोमीटर सायकल हांकून आठ तास यंत्रापाशीं उभें राहणें आणि पुन्हां दहा किलोमीटर हांकून घरीं येणें, ही गोष्ट पंख्याखालीं बसून वाखाणण्याइतकी सोपी नाहीं.

आतां थोडा हिशेब करावा. नाशिक रोडहून गांवांत यावयाचें म्हणजे नऊ किलोमीटरांची खेप. त्या वेळची चांगल्या स्थितींतली स्कूटर एका लिटरांत चाळीस किलोमीटर जाई असें धरलें, तर ह्या खेपेस पाव लिटराहून थोडें कमी पेट्रोल लागे. त्यांतील चौथा हिस्सा न जळतां बाहेर जातो असें मानलें, तर एका खेपेस पन्नास-पंचावन्न मिलिलिटर पेट्रोल हवेंत शिंपलें गेलें. चहाचा अर्धा कप म्हटला तरी चालेल. एकानें अर्धा कप शिंपडला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सायंकाळीं पाळी सुटल्यावर हजारों जण एकाच रस्त्यानें तो शिंपडीत जातात, आणि नाशिकचा हिंवाळा असा कीं जमिनीलगतची हवा रात्रीं गार होऊन खालींच बसते, वर चढत नाहीं. रविवार कारंजा, दहीपूल, भद्रकाली येथील अरुंद गल्ल्यांत तर दोन्ही बाजूंच्या माड्या ह्या धुराला बाहेर जाण्याची वाटही देत नाहींत. मोटार ह्या गल्ल्यांत शिरूं शकत नाहीं, स्कूटर शिरते. जेथें माणसांचीं नाकें रस्त्याच्या अगदीं जवळ, तेथेंच तिचा धूर पोंचतो. घातुकतेचा विचार करतांना धूर किती, ह्याइतकाच तो कोठें सुटला, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो.

ह्याच काळांतील मोटार मात्र निर्दोष होती असें नव्हे. कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची अॅंबॅसडर ह्या दोघींचीं एंजिनें चार टप्प्यांचीं असलीं तरी कार्ब्युरेटर जुन्या धर्तीचे, आणि लिटरामागें दहा-बारा किलोमीटर जाणें म्हणजे पराकाष्ठा. पेट्रोलांत त्या वेळीं शिशाचें संयुग मिसळलेलें असे. अमेरिकेंत मिज्ली ह्या रसायनज्ञानें १९२१ सालीं ही युक्ति शोधली. एंजिनाची खडखड तीमुळें थांबते. शिसें जळून नाहींसें होत नाहीं. जेवढें टांकींत गेलें तेवढें बहुतेक धुरांड्यांतून बाहेर येतें, आणि लहान मुलांच्या मेंदूला तें बाधतें. जी गाडी तिप्पट पेट्रोल पिते ती तिप्पट शिसें ओकते. म्हणजे शिशाच्या बाबतींत मोटार अधिक दोषी, आणि न जळलेल्या पेट्रोलाच्या बाबतींत स्कूटर अधिक दोषी, अशी ही वांटणी होती. सर्व देशांतून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झालें तें १ फेब्रुवारी २००० रोजीं. शिसें गेल्यावरच धूर शुद्ध करणारी उत्प्रेरकाची नळी मोटारींना बसविणें शक्य झालें, कारण शिशानें ती नळी निकामी होते. चार महानगरांत मोटारींसाठीं ती १९९५ पासून आवश्यक करण्यांत आली होती.

कायद्याचा हात ह्या विषयाला तसा उशिरांच लागला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं १९८९ मध्यें नियम झाले, आणि १९९० पासून उभ्या गाडीच्या धुराची तपासणी सुरू झाली. पेट्रोलच्या मोटारीच्या धुरांत शेंकडा ३ आणि दुचाकीच्या धुरांत शेंकडा ४.५ इतका कार्बन मोनॉक्साइड वायु चालेल, असें ठरलें. कोंडलेल्या खोलींतील कोळशाच्या शेगडीनें माणसें दगावतात तो हाच वायु. १९९१ सालीं नव्या गाड्यांसाठीं दर किलोमीटरचीं प्रमाणें ठरलीं. मोटारीस हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलें इंधन, २ ते २.९ ग्रॅमपर्यंत माफ होतें. दुचाकीस ८ ते १२ ग्रॅम. ज्या वाहनाचें एंजिन मोटारीच्या पांचव्या-सहाव्या हिश्शाचें, त्याला घाण चौपट माफ! आणि वर केलेला हिशेब पाहिला तर ही मर्यादा इतकी सैल दिसते कीं ती ओलांडण्यासाठीं स्कूटरवाल्यास खास प्रयत्न करावे लागले असते. सामान्य माणसाचें वाहन महाग होऊं नये हा हेतु त्यामागें असावा, आणि तो वाईट म्हणतां येत नाहीं. पण त्या सवलतीची किंमत कोणी दिली? पायीं चालणाऱ्यानें, सायकलवाल्यानें, रस्त्याकडेच्या भाजीवाल्यानें. म्हणजे स्कूटरवाल्याहूनही सामान्य माणसानें.

पी. यू. सी.च्या चिठ्ठीवर छापलेले आंकडे वाचतांना पुष्कळांचा एक गोंधळ होतो, तो येथेंच निस्तरलेला बरा. २००४ मध्यें हे आंकडे सुधारले गेले, तेव्हां नव्या धर्तीच्या मोटारीस कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ०.५ आणि दुचाकीस ३.५ अशी मर्यादा झाली. हायड्रोकार्बन मोटारीस दहा लक्ष भागांत ७५०, चार टप्प्यांच्या दुचाकीस ४,५००. ह्यावरून दुचाकी मोटारीपेक्षां सहा-सातपट घाण करते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चूक ठरेल. शेंकडेवारी ही काढ्याची तीव्रता सांगते. काढा किती प्याला तें सांगत नाहीं. शंभर घन सेंटिमीटरांचें एंजिन आणि हजार घन सेंटिमीटरांचें एंजिन यांच्या श्वासाचें आकारमान निराळें आहे. म्हणून तुलना करावयाची ती दर किलोमीटरास किती ग्रॅम वायु निघाला ह्या मापानें. ह्या न्याय्य मापानें पाहिलें तरीसुद्धां जुनी स्कूटर दोषमुक्त होत नाहीं, ही गोष्ट निराळी.

खरा पालट झाला तो १९८५ ते २००५ ह्या वीस वर्षांत, आणि त्याचें बीज जपानांतून आलें. होंडा कंपनीनें १९५८ सालींच लहान दुचाकींत चार टप्प्यांचें एंजिन बसवून दाखविलें होतें. हीरो आणि होंडा यांच्या भागीदारींतून १९८५ मध्यें शंभर घन सेंटिमीटरांची मोटारसायकल भारतांत आली. लोकांनीं ती घेतली ती हवेच्या प्रेमानें नव्हे, तर एका लिटरांत ऐंशी किलोमीटर जाण्याची तिची ख्याति ऐकून. तथापि हवेचा फायदा झाला तो झालाच. मागील दार वेळेवर बंद होऊं लागल्यावर पेट्रोल वांचणें आणि धूर कमी होणें ह्या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. कायद्यानेंही आतां जोर धरला. १९९६ मध्यें प्रमाणें आवळलीं गेलीं, आणि २००० सालीं दुचाकीस हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे वायु मिळून किलोमीटरास २ ग्रॅम इतकीच मोकळीक उरली. त्याच वर्षीं मोटारीची मर्यादा ०.९७ ग्रॅम होती. म्हणजे दुचाकी अजूनही दुप्पट घाण करण्यास मुखत्यार होती. पण चौपटीची दुप्पट झाली होती. २००५ सालीं हा आंकडा दीडावर व २०१० सालीं एकावर आला. दोन टप्प्यांच्या एंजिनाला ह्या चौकटींत राहणें परवडेना. २००१ मध्यें आलेल्या होंडाच्या अॅक्टिव्हानें स्कूटरींतही चार टप्पे रूढ केले, आणि डिसेंबर २००९ मध्यें बजाज कंपनीनें स्कूटरी करणेंच थांबविण्याचा निर्णय जाहीर केला.

इतका वेळ विषारी धुराचा विचार झाला. पृथ्वीचें तपमान वाढविणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब अगदीं निराळा आहे, आणि तेथें दुचाकीची बाजू भक्कम आहे. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच भरतें. परंतु जळतांना तें हवेंतील प्राणवायु ओढून घेतें, म्हणून त्यापासून सुमारें २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरास पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल किलोमीटरामागें ४६ ग्रॅम सोडते. लिटरास पंधरा किलोमीटर जाणारी मोटार १५३ ग्रॅम. मोटारींत एकटाच गृहस्थ बसून कचेरीस गेला, तर त्याचा भार मोटारसायकलस्वाराच्या तिप्पट-सव्वातिप्पट झाला. चौघे बसले तर माणशीं ३८ ग्रॅम होतात, म्हणजे एकट्या मोटारसायकलस्वारापेक्षां कमीच. पण मोटारसायकलीवर दोघे बसले कीं माणशीं २३ वर हिशेब येतो. एकाच दुचाकीवर नवरा, बायको आणि दोन मुलें बसलेलीं दिसतात, तो हिशेब मात्र येथें नको. त्यांत अपघाताचा आंकडा धरावा लागेल. वाहन घडवितांना लागणारें पोलाद, रबर, कांच यांचाही असाच विचार आहे. एका लहान मोटारीच्या वजनांत सहा-सात मोटारसायकली तयार होतात, आणि शालिमारच्या चौकांत एक मोटार जेवढी जागा अडविते तेवढ्यांत चार-पांच दुचाकी सहज उभ्या राहतात.

नाशिकच्या बाबतींत ह्या तुलनेला आणखी एक पदर आहे, तो डिझेलचा. डिझेलच्या एंजिनांत इंधन फवारणारीं जीं सूक्ष्म तोंडें असतात, तीं सातपूरच्या मायको, म्हणजे आतांच्या बॉश, कारखान्यांत कित्येक दशकें तयार होत आलीं आहेत. आणि महिंद्रांच्या नाशिकच्या कारखान्यांतून बोलेरो, व २००२ पासून स्कॉर्पिओ, ह्या डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. शेंकडों घरांच्या चुली त्या जोरावर पेटल्या. डिझेल पेट्रोलापेक्षां पुष्कळ स्वस्त ठेवण्याचें सरकारी धोरण २०१४ पर्यंत चालू होतें, त्यामुळें अशा गाड्यांना मागणी भरपूर. पण डिझेलच्या धुरांत काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ मध्यें हा धूर माणसांत कर्करोग उत्पन्न करणारा म्हणून निश्चित केला. चार टप्प्यांच्या पेट्रोल दुचाकीपासून अशी काजळी फारच थोडी निघते. येथें पारडें उलटतें. डिसेंबर २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्लींत २,००० घन सेंटिमीटरांहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी रोखली, तेव्हां महिंद्रांनीं अवघ्या कांहीं आठवड्यांत २,००० हून किंचित् लहान एंजिन स्कॉर्पिओंत बसवून जानेवारी २०१६ मध्यें ती पुन्हां दिल्लीच्या बाजारांत उभी केली. कायद्याच्या अक्षराला पुरेसा, आणि हवेला जवळजवळ अनुपयोगी असा हा बदल होता. बंदी ऑगस्ट २०१६ मध्यें शेंकडा एक अधिभार लावून उठविण्यांत आली.

न्यायालयाचा दुसरा तडाखा दुचाकीला बसला. १ एप्रिल २०१७ पासून चवथ्या प्रतीचीं, म्हणजे ‘भारत स्टेज ४’ चीं प्रमाणें देशभर लागू व्हावयाचीं होतीं. जुन्या प्रतीच्या गाड्या बनून पडलेल्या आहेत, त्या तरी विकूं द्या, अशी कारखानदारांची विनंति होती. २९ मार्च रोजीं न्यायालयानें ती फेटाळली. देशांत अशीं आठ लाखांवर वाहनें पडून होतीं आणि त्यांत पावणेसात लाखांच्या आसपास एकट्या दुचाकी होत्या. मग उरलेल्या दोन दिवसांत दुकानदारांनीं भरमसाट सूट देऊन त्या विकल्या, आणि लोकांनीं रांगा लावून त्या घेतल्या! लोकांच्या आरोग्यासाठीं झालेल्या निकालाचा लोकांनींच असा सण साजरा केला, ह्याला काय म्हणावें? पुढें १ एप्रिल २०२० रोजीं पांचवी पायरी गाळून एकदम सहावी आली. गंधकाचें प्रमाण दहा लक्ष भागांत अवघें १० असलेलें इंधन देशभर मिळूं लागलें. दुचाकींतील कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारी विजेची योजना आली. आणि उत्प्रेरकाची नळी तिच्याही धुरांड्यांत बसली. ह्या पायरीवर पेट्रोलच्या मोटारीला आणि दुचाकीला दर किलोमीटरास १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, ०.१ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजनचे वायु अशी एकच मर्यादा आहे. १९९१ सालीं चौपट घाण करण्यास मोकळी असलेली दुचाकी एकोणतीस वर्षांनीं मोटारीच्या पंक्तीस बसली. डिझेल मोटारीची काजळीही २००० सालच्या ०.१४ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर, म्हणजे एकतिसाव्या हिश्शावर आली.

मग नाशिकची हवा निवळली काय? जानेवारी २०१९ मध्यें केंद्र सरकारनें स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, तेव्हां हवेचीं ठरलेलीं प्रमाणें न गांठणाऱ्या शहरांच्या यादींत नाशिकचें नांव होतें. तरंगत्या जाड धूलिकणांत धुरांड्यांच्या धुरापेक्षां रस्त्यांवरून उडणाऱ्या धुळीचा वांटा सामान्यतः मोठा असतो. ती धूळ वाहनांचीं चाकें उडवितात, आणि जड चाक अधिक उडवितें. शिवाय एकेक गाडी कितीही सुधारली, तरी गाड्यांची संख्या हिशेब फिरवूं शकते. देशांतील नोंदलेल्या वाहनांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश वाहनें दुचाकी आहेत. १९८२ मध्यें महानगरपालिका झालेल्या, आणि २०११ च्या शिरगणतींत पंधरा लाखांच्या जवळ पोंचलेल्या नाशिकास २०२१ पर्यंत स्वतःची बसव्यवस्था नव्हती. शहरांतल्या बसगाड्या राज्य परिवहन महामंडळच चालवी. आणि ह्या महामंडळाचा जन्म मुळांत १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगरासारख्या गांवोगांवच्या प्रवासासाठीं झालेला. बस वेळेवर येईना, म्हणून माणसानें दुचाकी घेतली. दुचाकी घेतल्यामुळें बस रिकामी धांवूं लागली. रिकामी धांवते म्हणून फेऱ्या कमी झाल्या. ८ जुलै २०२१ रोजीं महापालिकेची ‘सिटीलिंक’ बस सुरू झाली, आणि तिच्या ताफ्यांतील बहुतेक बसगाड्या नैसर्गिक वायूवरच्या ठेवण्यांत आल्या. साध्या डिझेलच्या बसचा हिशेब धरला तरी लिटरामागें चार किलोमीटर आणि आंत पंचेचाळीस माणसें, म्हणजे माणशीं किलोमीटरास पंधरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोघे बसलेल्या मोटारसायकलीहूनही हें प्रमाण कमी आहे. मोटार श्रेष्ठ कीं दुचाकी, ह्या वादांत ही तिसरी पक्षकार बहुधा बोलावलीच जात नाहीं.

अलीकडे विजेची स्कूटर आली आहे. जानेवारी २०२० मध्यें पुणें आणि बंगळूर येथें बजाजची नवी चेतक विक्रीस आली, ती निव्वळ विजेवर चालणारी. जुन्या चेतकमागचा तो निळसर धूर तिच्यामागें नाहीं. ती एका किलोमीटरास सुमारें तीस वॅट-तास वीज घेते. कोळशावरच्या केंद्रांत एक युनिट वीज निर्माण करतांना जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; म्हणजे सर्वच वीज कोळशाची धरली, तरी किलोमीटरास तीस-पस्तीस ग्रॅम झाले. लिटरास पंचेचाळीस किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरीचे ५१ होतात. मोटारीच्या मानानें पाहतां दोन्ही आंकडे लहानच. मात्र नाशिककरांना हा धूर कोठें गेला हें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. नाशिक रोडच्या पलीकडे एकलहऱ्यास औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथें १९७० च्या सुमारास पहिले संच सुरू झाले, आणि ते निकालांत निघाल्यावर २१० मेगावॅटचे तीन संच मागें उरले. दहीपुलाच्या गल्लींतून निघालेला धूर तेथील उंच धुराड्यांच्या वाटेनें आकाशांत जातो आणि कोळशाची राख एकलहऱ्याच्या शिवारांत उरते. विजेच्या स्कूटरीनें गल्लीतल्या मुलांच्या नाकाशीं येणारा धूर हटविला, ही सुधारणा खरी आहे. एकलहऱ्याच्या शेतकऱ्याला ती तितकीशी जाणवणार नाहीं.